काकतालीय कीं कार्यकारण ?

कावळा फांदीवर बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, तर फांदी कावळ्याच्या भारानें मोडली असें कोणी शहाणा माणूस म्हणत नाहीं. मूळ संस्कृत दृष्टांतांत फांदीऐवजीं ताडाचें फळ आहे, म्हणून अशा योगायोगास ‘काकतालीय न्याय’ हें नांव पडलें. नांव इतकें जुनें आहे, यावरून योगायोगास कारण समजण्याची माणसाची खोडही तितकीच जुनी असली पाहिजे.

व्यवहारांत हा न्याय पदोपदीं विसरला जातो. घरांत एखाद्यास पडसें येतें. आजीबाईंच्या सांगण्यावरून काढा दिला जातो. पांच-सहा दिवसांनीं पडसें ओसरतें आणि काढ्याच्या खात्यावर आणखी एक यश जमा होतें. पडसें बहुधा आठवड्याभरांत आपोआपच ओसरतें, ही गोष्ट त्या हिशेबांत धरलीच जात नाहीं. ज्योतिषी ‘मुलगा होईल’ असें सांगतो आणि मुलगाच होतो. जन्मास येणाऱ्या अपत्यांपैकीं सुमारें निम्मे मुलगेच असतात, हें त्या आनंदांत कोणास आठवत नाहीं. उलटपक्षीं, प्रत्येक यश योगायोगाचें म्हणून झिडकारणें हेंही शहाणपणाचें नव्हे. तसें केल्यास एखादें खरें औषध हातचें जाईल. तेव्हां एखादी गोष्ट निव्वळ योगायोगानें घडली कीं तिच्यामागें कांहीं कारण आहे, हें ठरवावयाचें तरी कसें ? संख्याशास्त्रानें यासाठीं जी रीत शोधून काढली, तिला ‘गृहीतकाची कसोटी’ असें म्हणतात. तिचें मूळ तत्त्व समजून घेण्यास शाळेंतील अंकगणितापलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.

या रीतीचें सर्वांत सुबोध उदाहरण एका चहाच्या पेल्यांतून निघालें आहे. लंडनच्या उत्तरेस हार्पेंडन गांवीं रोथॅमस्टेड येथें शेतकीचें एक जुनें संशोधन-केंद्र आहे. त्याची स्थापना १८४३ सालीं झाली. तेथें १९१९ सालीं रोनाल्ड फिशर हे तरुण गणिती रुजू झाले. पुढें थोड्याच वर्षांनीं, एके दिवशीं चहाच्या वेळीं, त्यांनीं आपल्या सहकारी डॉ. म्युरिएल ब्रिस्टल यांच्यापुढें चहाचा पेला केला. बाईंनीं तो घेतला नाहीं. पेल्यांत दूध आधीं घालून मग चहा ओतला तरच तो आपणांस रुचतो, असें त्यांनीं सांगितलें. आणि आधीं काय ओतलें हें केवळ चवीवरून ओळखतां येतें, असाही त्यांचा दावा होता. फिशर यांना तो पटला नाहीं. मग परीक्षाच घेऊन पाहावी, असें ठरलें. या प्रसंगावरून रचलेला प्रयोग फिशर यांनीं १९३५ सालीं ‘दि डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथांत मांडला, आणि तेव्हांपासून जगांतील असंख्य विद्यार्थी या शास्त्राचे धडे त्या पेल्यांवरूनच गिरवीत आले आहेत.

प्रयोग असा. आठ पेले घ्यावयाचे. चारांत दूध आधीं, चारांत चहा आधीं. कोणता पेला कितवा द्यावयाचा हें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें, म्हणजे क्रमावरून कांहीं अंदाज बांधतां येऊं नये. दोन्ही प्रकारचे चार-चार पेले आहेत एवढें बाईंना आधींच सांगावयाचें, आणि दूध आधीं घातलेले चार पेले त्यांनीं चव घेऊन वेगळे काढावयाचे.

आतां फिशर यांनीं विचार कोणत्या टोंकाकडून सुरू केला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बाईंना फरक कळतो, असें त्यांनीं धरलें नाहीं. तो मुळींच कळत नाहीं, असें धरलें. हें वरकरणीं दुराग्रहाचें वाटेल. परंतु त्यांत एक मर्म आहे. ‘कळतो’ असें म्हटलें तर किती कळतो, दहांत सहा वेळां कीं नऊ वेळां, हें ठाऊक नसल्यामुळें पुढें हिशेब चालत नाहीं. ‘मुळींच कळत नाहीं’ हें विधान मात्र नेमकें आहे. तें खरें असेल तर काय काय घडूं शकेल आणि तें किती वेळां, हें बिनचूक मोजतां येतें. या विधानास ‘शून्य गृहीतक’ म्हणतात. न्यायालयांत आरोपी प्रथम निरपराध मानला जातो आणि पुराव्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो, तसाच हा प्रकार आहे. येथें योगायोग हा आरोपीच्या जागीं उभा आहे असें समजावें. त्याला सोडून दुसऱ्या कारणाकडे वळावयाचें, तर पुरावा तसाच सबळ पाहिजे.

तो हिशेब आतां करून पाहूं. पहिला पेला उचलण्यास आठ पर्याय, दुसरा उचलण्यास सात, तिसऱ्यास सहा आणि चौथ्यास पांच. यांचा गुणाकार १६८०. परंतु तेच चार पेले कोणत्या क्रमानें उचलले यास महत्त्व नाहीं, आणि चार पेल्यांचे क्रम २४ होतात. १६८० ला २४ नीं भागिलें असतां ७० येतात. म्हणजे आठांतून चार पेले निवडण्याच्या रीती ७० आहेत, आणि त्यांपैकीं पूर्णपणें बरोबर अशी रीत एकच आहे. चव मुळींच न कळणारी व्यक्ति निव्वळ अंदाजानें चारही पेले बरोबर काढील असा संभव सत्तरांत एक, म्हणजे शंभरांत दीडाहूनही कमी.

समजा, बाईंनीं तीन पेले बरोबर काढले आणि एक चुकला. सामान्य माणूस म्हणेल, ‘चारांत तीन म्हणजे चांगलेंच कीं !’ परंतु हिशेब निराळें सांगतो. बरोबर चारांतून तीन निवडण्याच्या रीती चार, चुकीच्या चारांतून एक निवडण्याच्याही चार; एकूण सोळा. त्यांत पूर्ण यशाची एक रीत मिळवली कीं सतरा होतात. म्हणजे कांहीं न कळतांही इतकें किंवा याहून अधिक यश सत्तरांत सतरा वेळां, जवळजवळ चारांत एकदां, मिळून जाईल. एवढ्यावरून कोणाच्या जिभेस प्रशस्तिपत्र देतां येणार नाहीं. दिसावयास मोठें वाटणारें यश पुराव्याच्या दृष्टीनें किती हलकें असूं शकतें, हें या एका उदाहरणानें स्पष्ट व्हावें.

शून्य गृहीतक खरें धरून, हातीं आलेला किंवा त्याहूनही विलक्षण निकाल निव्वळ योगायोगानें लागण्याचा जो संभव, तोच या कसोटीचा कांटा. तो फार लहान निघाला तर दोनच गोष्टी शक्य उरतात : एक तर फार दुर्मीळ असा योगायोग घडला, किंवा मूळ गृहीतकच खोटें. अशा वेळीं गृहीतक टाकून द्यावें आणि निकाल ‘लक्षणीय’ मानावा, असा संकेत आहे.

परंतु ‘फार लहान’ म्हणजे किती ? फिशर यांनीं १९२५ सालच्या आपल्या पहिल्या ग्रंथांत शंभरांत पांच ही सोयीची मर्यादा सुचविली आणि ती पुढें सर्वत्र रूढ झाली. आठांऐवजीं सहाच पेले घेतले असते, तर निवडीच्या रीती वीसच झाल्या असत्या, आणि पूर्ण यशही नेमकें त्या मर्यादेवर, वीसांत एक येथें, येऊन ठेपलें असतें. ही मर्यादा म्हणजे कांहीं निसर्गाचा नियम नव्हे; ती माणसांनीं ठरविलेली आहे. चूक महागांत पडणार असेल तेथें ती अधिक कडक करतात. जिनीव्हानजीकच्या प्रयोगशाळेंत १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१२ सालीं, हिग्ज कणाचा शोध जाहीर झाला. त्या शास्त्रांत योगायोगाचा संभव सुमारें पस्तीस लक्षांत एक इतका खालीं आल्याविना शोध मानीतच नाहींत. मर्यादा कोणतीही असो, ती निकाल पाहण्यापूर्वीं ठरली पाहिजे. आधीं बाण मारून मग त्याभोंवतीं वर्तुळ काढणाऱ्याचा नेम कधींच चुकत नाहीं.

योगायोग नाकारला म्हणजे खरें कारण सांपडलेंच, असें मात्र नव्हे. राणी ॲन हिचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनीं १७१० सालीं लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या. १६२९ पासून सलग ८२ वर्षें, एकही वर्ष न चुकतां, मुलग्यांची संख्या मुलींहून अधिक होती. मुलगे अधिक कीं मुली अधिक हें जर नाण्याच्या छाप-कांट्याप्रमाणें असतें, तर सलग ८२ वेळां छाप पडण्याचा संभव जवळजवळ शून्यच. म्हणून ही केवळ यदृच्छा नव्हे, हा आर्बथनॉट यांचा निष्कर्ष निर्दोष होता. परंतु त्यापुढें एक पाऊल टाकून, ही ईश्वरी योजना होय, असें त्यांनीं म्हटलें. तें मात्र त्या अंकांत कोठेंच नव्हतें. कसोटी एवढेंच सांगते कीं ‘हा योगायोग नव्हे’. मग कोण, हें सांगण्यास प्रयोगाची रचनाच तशी असावी लागते. चहाच्या पेल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविण्यांत हेंच धोरण होतें : चवीवांचून दुसरें कोणतेंही कारण मागच्या दारानें आंत शिरूं नये.

चहाच्या पेल्यांत चूक झाली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. तीच रीत रुग्णाच्या खाटेशीं आली, तेव्हां तिचें खरें मोल कळलें. क्षयरोगावर पूर्वीं सुवर्णाचे क्षार टोंचीत असत. १९२४ च्या सुमारास डेन्मार्कमधून त्यांचा प्रसार झाला आणि अनेक डॉक्टरांनीं आपले रोगी त्यायोगें सुधारल्याचें सांगितलें. परंतु क्षयाचे कांहीं रोगी केवळ विश्रांतीनेंही सुधारत. त्यांना वगळून सुवर्णाचा वांटा कोणी मोजला नव्हता. अमेरिकेंत डेट्रॉइटनजीकच्या एका रुग्णालयांत २४ रोग्यांचे सारखे दोन गट केले आणि कोणत्या गटास सुवर्ण द्यावयाचें हें नाणें उडवून ठरविलें. १९३१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : सुवर्ण टोंचलेल्यांस कांहीं लाभ दिसला नाहीं, अपाय मात्र दिसला. सोन्याच्या नांवाची भुरळ डॉक्टरांसही पडते, आणि नाण्याची एक उडी ती उतरवूं शकते.

पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ यांनीं स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढलें. महायुद्धानंतर ब्रिटनला तें अगदीं थोडें मिळालें. सर्व रोग्यांस पुरविणें शक्यच नव्हतें. तेव्हां जें थोडें आहे त्याचा उपयोग सर्वांच्या हिताचें सत्य शोधण्याकडे करावा, असें तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलनें ठरविलें. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संख्याशास्त्रज्ञ या योजनेचे सूत्रधार होते. दोन्ही फुप्फुसांस झपाट्यानें ग्रासणारा क्षय झालेले १०७ तरुण रोगी निवडले. कोणास औषध व विश्रांति आणि कोणास केवळ विश्रांति, हें आंकड्यांच्या यादृच्छिक यादीवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवलें होतें. रोगी दाखल करून घेण्याचें ठरल्यावरच पाकीट उघडावयाचें, म्हणजे डॉक्टरांच्या दयेलाही निवडींत हात घालतां येऊं नये. क्ष-किरणांचीं चित्रें तपासणाऱ्यांस कोणतें चित्र कोणत्या गटांतलें, हें कळूं दिलें नव्हतें.

सहा महिन्यांनीं मोजदाद झाली. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं ४ दगावले होते. केवळ विश्रांति घेतलेल्या ५२ पैकीं १४. येथें शून्य गृहीतक असें कीं, औषधाचा गुण मुळींच नाहीं. हे अठरा मृत्यु कसेही घडलेच असते आणि पाकिटांच्या सोडतींत ते ४ आणि १४ असे विभागले गेले, एवढेंच. तें खरें असतां इतकी तफावत पडण्याचा संभव शंभरांत एकाहून कमी, असा हिशेब १९४८ सालच्या अहवालांत दिला आहे. फुप्फुसांच्या चित्रांत पुष्कळ सुधारणा दिसलेले रोगी औषधाच्या गटांत २८, तर दुसऱ्या गटांत ४ होते; हा योगायोग मानणें तर त्याहूनही कितीतरी अवघड. आणि गट पाकिटांनीं पाडलेले असल्यामुळें औषधाखेरीज दुसरें कारण दाखविणेंही कठीण. सुवर्णाच्या बाबतींत अनेक डॉक्टरांच्या साक्षींनीं जें साधलें नाहीं, तें येथें एकशेंसात रोग्यांच्या काळजीपूर्वक केलेल्या तुलनेनें साधलें.

ही कथा येथेंच संपली असती तर ती फार गोड झाली असती. पांच वर्षांनंतर त्याच रोग्यांची पुन्हा मोजदाद झाली. औषधाच्या गटांतील ५५ पैकीं ३२ आणि दुसऱ्या गटांतील ५२ पैकीं ३५ आतां हयात नव्हते. एवढी तफावत औषधाचा गुण नसतांही साधारणपणें तिनांत एकदां किंवा त्याहून अधिक वेळां पडूं शकते. म्हणजे निकाल लक्षणीय नाहीं. मग पहिला निष्कर्ष खोटा होता काय ? नाहीं. पहिली कसोटी सहा महिन्यांविषयीं होती आणि तिचें उत्तर सहा महिन्यांपुरतें खरें होतें. मध्यंतरीं पुष्कळ रोग्यांच्या शरीरांतील जंतु औषधास निर्ढावले होते. हें कळल्यावर स्ट्रेप्टोमायसिनला दुसऱ्या औषधाची जोड द्यावी असें ठरलें. तशा जोड-उपचारानें जंतु सहसा निर्ढावत नाहींत, हें १९५० सालच्या अहवालानें दाखविलें, आणि क्षयावर एकाच वेळीं अनेक औषधें देण्याच्या प्रघाताचा पाया घातला गेला. जो प्रश्न विचारला त्याचेंच उत्तर कसोटी देते. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तिच्याकडून वदवून घेणें हा तिचा दोष नव्हे.

या दुसऱ्या निकालावरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘लक्षणीय फरक आढळला नाहीं’ याचा अर्थ ‘फरक नाहीं’ असा नव्हे. आरोपी पुराव्याअभावीं सुटला म्हणून तो निर्दोष ठरलाच, असें कोणी मानीत नाहीं. जेझीं नेमन आणि इगॉन पीअर्सन यांनीं १९३३ सालीं हा विचार शिस्तीनें मांडला. चुका दोन प्रकारच्या होतात : कारण नसतांना तें आहे असें मानणें ही एक, आणि कारण असतांना तें ओळखूं न येणें ही दुसरी. पहिलीनें निरपराध फांसावर जातो. दुसरीनें खरा चोर सुटतो. पहिलीची धास्ती घेऊन मर्यादा अतिशय कडक केली तर दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करावयाच्या तर निरीक्षणांची संख्या वाढविणें हाच मुख्य उपाय. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत या नव्या शास्त्राचें अध्ययन करीत होते. १९३६ सालीं तेथील पदवी घेऊन ते परतले आणि पुढें भारतांतील शेतकीच्या संख्याशास्त्रांत त्यांनीं मोठें कार्य केलें.

वर्तमानपत्रांत रोज नवे शोध वाचणाऱ्या सुशिक्षितांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली : संभव शंभरांत पांच निघाला, म्हणून शून्य गृहीतक खरें असण्याचा संभव शंभरांत पांच, असें म्हणणें चूक आहे. गृहीतक खरें धरून निकालाचा संभव काढलेला असतो. निकालावरून गृहीतकाचा नव्हे. पाऊस पडल्यास अंगण बहुधा ओलें होतें. म्हणून ओलें अंगण दिसलें कीं पाऊसच पडला असेल, असें नाहीं. सडाही घातलेला असेल. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननें २०१६ सालीं विद्वानांस जें निवेदन करून सावध केलें, त्यांत ही गफलत ठळकपणें सांगितली आहे.

दुसरी : कसोट्या किती केल्या हें विचारावें. पांच घरीं पांच वेळां ‘मुलगा’ कीं ‘मुलगी’ हें बरोबर सांगणारा ज्योतिषी थोर वाटतो. अंदाजानें तसें साधण्याचा संभव सुमारें बत्तिसांत एक. परंतु शहरांत बत्तीस ज्योतिषी असतील तर त्यांतल्या एखाद्यास हें यश लाभणें हीच अपेक्षा आहे. त्याची कीर्ति होते. उरलेले एकतीस मौन पाळतात. वीस औषधें तपासून एकच लक्षणीय ठरलें आणि तेवढेंच छापलें, तर तोही त्याच जातीचा ज्योतिष-चमत्कार होय.

तिसरी : लक्षणीय म्हणजे महत्त्वाचें नव्हे. लक्षावधि लोकांची पाहणी केली तर दोन गटांतला केंसाएवढा फरकही कसोटीस उतरतो. तो योगायोग नव्हे, हें ठीक. परंतु त्यामुळें कोणाचें भलें किती होणार, हा प्रश्न वेगळा असून तो ज्याचा त्यानेंच विचारला पाहिजे.

ही कसोटी सत्य हातीं आणून देत नाहीं. आपल्या मनास जें हवें असतें तें सत्य समजण्यापासून ती आवरून धरते, आणि तीही तेव्हांच, जेव्हां प्रश्न, मर्यादा व मोजण्याची रीत आधीं ठरलेली असते. एखाद्या घरांत नव्या औषधाची, काढ्याची किंवा अंगाऱ्याची थोरवी गाइली जात असतां कोणीं तरी एवढेंच विचारावें कीं, तें न घेतलेल्यांचें काय झालें ? हा प्रश्न विचारण्यास गणित लागत नाहीं. तो विचारण्याची संवय तेवढी लागते. ज्या घरास ती लागली, त्या घरीं फांदी मोडल्याचा दोष कावळ्यावर जाणार नाहीं, आणि फांदी खरोखरच कोणीं कापली असेल तर तोही सुटणार नाहीं.